संचारबंदी बाईंची फेलोशिप

अतिदक्षता विभागाच्या बाई जिना चढू लागल्या की वॉर्डातला आवाज आटत जायचा. आधी वॉर्डबॉयची शीळ थांबायची, मग टेबलापाशी बसलेल्या नर्सेसचं हसू, मग बाकावरच्या नातेवाइकांची कुजबुज. कोणीतरी कधीतरी त्यांना ‘संचारबंदी’ म्हणालं आणि ते नाव असं चिकटलं, की नव्या पोरींना त्यांचं खरं नाव वर्षवर्ष कळत नसे. बाईंना हे ठाऊक होतं. वाईट वगैरे काही वाटत नव्हतं, उलट आतून बरंच वाटायचं. ज्या वॉर्डात हसणं-खिदळणं चालतं तिथे पेशंट दगावतात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांची सगळीच मतं ठाम होती.

हे मत त्यांना फुकटात मिळालं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या एका प्रेमळ सिस्टरच्या हाताखाली होत्या. ती सगळ्यांना ‘बाळा’ म्हणायची. त्या वॉर्डात एका दुपारी एका माणसाचं रक्त दुसऱ्याला चढलं आणि तो माणूस संध्याकाळच्या आत गेला. सगळ्या रडल्या. प्रेमळ सिस्टरनं सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला, चहा मागवला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘बाळांनो, चला कामाला’. कोणाचा कान उपटला गेला नाही. बाईंनी तो चहा प्यायला नाही. त्या दिवसापासून त्यांच्या जिभेला जी धार लागली ती उतरलीच नाही, आणि ‘माझ्या वॉर्डात चूक होत नाही’ हे वाक्य त्या इतरांनी नमस्कार म्हणावा इतक्या सहज म्हणत आल्या.

मग मणक्यानं दगा दिला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि वर्षभरात उभं राहायचं काम बंद करायचं म्हणून सांगितलं. मेट्रन बाईंनी दोन वाटा दाखवल्या. रुग्णालयाला लागून नवं प्रशिक्षण केंद्र झालं होतं. तिथे खोट्या पेशंटवर खऱ्या डॉक्टर-नर्सेसना शिकवतात. तिथे शिकवणाऱ्याची एक जागा होती, पण त्यासाठी आधी वॉर्ड सांभाळून वर्षभराची फेलोशिप करून पास व्हावं लागे. नाहीतर तळघरातलं चादरींचं भांडार. त्या भांडारात आजवर ज्यांना घरी बसवता येत नाही आणि डोळ्यांसमोरही ठेववत नाही अशी माणसं पाठवली गेली होती. बाईंना दोन्ही जागा आवडल्या नाहीत, पण भांडारात चादरींशिवाय कोणी नव्हतं. पेशंटवाचून आपण कोणीच नाही, असं त्यांचं मत होतं. फेलोशिप पास होणं भाग होतं.

केंद्रातल्या मुख्य खोलीत पलंगावर एक रबरी माणूस झोपलेला असे. त्याची छाती वरखाली व्हायची, पापण्या लवायच्या, मनगटाला नाडी लागायची, आणि घशातल्या स्पीकरमधून तो कण्हायचासुद्धा. सगळे त्याला ‘काका’ म्हणत. समोरच्या भिंतीत काळी काच होती. तिच्यापलीकडच्या खोलीत बसून केंद्रप्रमुख काकांना घाम सोडून सगळं काही आणत. काकांना कळ आली, काकांचा दाब पडला, काका गेले, सगळं त्यांच्या बोटांवर. बोलायचं असलं तर एक बटण दाबून माइकवर बोलायचं, आवाज काकांच्या घशातून बाहेर.

हे केंद्रप्रमुख पेशानं भूलतज्ज्ञ. माणसं झोपवता झोपवता त्यांचा आवाजही तसाच झाला होता. बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ‘मलम’ ठेवलं. मलम शिकवत, की प्रसंग संपल्यावर सगळ्यांना गोल बसवायचं आणि चर्चा करायची. त्याला डीब्रीफिंग म्हणायचं. खरं शिक्षण तिथेच होतं म्हणे. आणि त्या चर्चेत कोणालाही ‘का केलंस?’ असं विचारायचं नाही. ‘का’ म्हटलं की माणूस बचाव करू लागतो. त्याऐवजी म्हणायचं, मी असं पाहिलं, मला असं वाटलं, तुझ्या मनात काय चाललं होतं?

“मनात काय चालणार?” बाई पहिल्याच चर्चेत एका शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या. “पेशंट निळा पडतोय आणि तू ऑक्सिजनची नळी उलटी जोडतोयस. तुझ्या मनात काही चाललं असतं तर हात नीट चालले असते.”

तो मुलगा पुन्हा केंद्रात आला नाही. मलम यांनी बाईंना बाजूला घेतलं.

“सिस्टर, तुम्ही त्याला जखमी केलंत.”

“मग लावा तुमचं मलम,” बाई म्हणाल्या. त्या बोलून गेल्या आणि नाव जगजाहीर झालं.

तिथपासून दोघांचा छत्तीसचा आकडा. मलम समोर गोड बोलत आणि मूल्यांकनात पाडत. बाई समोर तोडून बोलत आणि पडत. फेलोशिपला सोबत असलेला एक फिजिओथेरपिस्ट दर वेळी पास व्हायचा. त्याला बाई म्हणत, “तुला काय, तू लोकांची अंगं चोळूनच मोठा झालास.” पण भांडार डोळ्यांपुढे होतंच. हळूहळू बाईंनी ती भाषा घोकली, अगदी औषधांची नावं घोकावी तशी. मी पाहिलं, मला वाटलं, मनात काय होतं. तोंडात कडू गोळी धरल्यासारखं बोलायच्या, पण बोलायच्या. घरी आरशासमोर सराव करताना त्यांच्या नवऱ्यानं ऐकलं आणि घाबरून विचारलं, “अगं, कोणाशी बोलतेयस?”

“तुमच्याशी नाही. तुमच्या मनात काय चाललंय ते मला माहीत आहे.”

“बरोबर आहे,” नवरा म्हणाला. तो शाळेतला निवृत्त कारकून. घरात स्वयंपाक तोच करायचा आणि वाद कधीच करायचा नाही.

शेवटच्या मूल्यांकनाला बाईंना स्वतः प्रसंग बसवायचा होता. त्यांनी विषय निवडला तो वरिष्ठाला अडवण्याचा. काकांच्या रक्तात पोटॅशियम कमी. वॉर्डातली वरिष्ठ नर्स पोटॅशियमचं इंजेक्शन घेऊन येते आणि ते सलाइनमध्ये न मिसळता थेट शिरेत द्यायला निघते. थेट दिलं तर हृदय बंद पडतं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही माहीत असतं. प्रश्न एवढाच, की हाताखालची माणसं वरिष्ठाला थांबवतात का. वरिष्ठ नर्सचं काम फिजिओथेरपिस्ट करणार होता, पण त्याला आदल्या दिवशी ताप भरला. मलम म्हणाले, “तुम्हीच उभ्या राहा, सिस्टर. तुम्हाला अभिनय करावा लागणार नाही.” हे बाईंना झोंबलं, पण त्या उभ्या राहिल्या.

शिकायला दोघं आली. एक नवा डॉक्टर आणि बाईंच्याच वॉर्डातली एक नर्स. ही नर्स इतकं हळू बोलायची की बाईंनी तिला ‘पुटपुटी’ म्हणायला सुरुवात केली होती. वॉर्डात चार वर्षं काढली होती तिनं, आणि बाईंनी तिचं एक पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं.

प्रसंग सुरू झाला. काका कण्हले. मलम यांचा आवाज काकांच्या घशातून आला, “सिस्टर, छातीत धडधडतंय.” डॉक्टर कागद चाळू लागला. बाई सिरिंज घेऊन आल्या, मोठ्यानं म्हणाल्या, “पोटॅशियम. थेट देतेय,” आणि सुई सलाइनच्या नळीजवळ नेली. ठरल्याप्रमाणे तिथे थांबल्या. कोणीतरी अडवायला वेळ द्यायचा होता. डॉक्टरनं कागदात डोकं आणखी खुपसलं. पुटपुटीची नजर सिरिंजवर होती. तिला कळलं होतं, हे बाईंना स्पष्ट दिसत होतं. तिचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

आणि तेवढ्यात काका बोलले. अगदी स्वच्छ, निरोगी आवाजात.

“बघितलंस? मारून टाकतेय पेशंटला आणि दोघांच्या जिभा टाळूला चिकटल्यात. या बाईच्या वॉर्डात रोज हेच चालत असणार. हिला शिकवायच्या जागेवर बसवायचं म्हणजे कमाल आहे. मी तर वर सांगून टाकलंय, पास करणं जमणार नाही. आजचं आपलं नावापुरतं.”

बटण आतच अडकलं होतं. मलम शेजारच्या तंत्रज्ञाशी बोलत होते आणि त्यांचं बोलणं काकांच्या नरड्यातून पलंगभर पसरत होतं. काकांची छाती शांतपणे वरखाली होत होती, पापण्या लवत होत्या. नवा डॉक्टर आधी काकांकडे, मग काचेकडे, मग जमिनीकडे बघू लागला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर तोंड दाबून घोकलेलं सगळं आज नावापुरतं होतं. त्यांना वाटलं, सिरिंज काचेवर फेकून मारावी.

त्यांनी ती फेकली नाही. त्यांनी सुई टोचली आणि दट्ट्या शेवटपर्यंत दाबला. काकांच्या उशाशी ठोके दाखवणाऱ्या पडद्यावर रेषा सपाट झाली. काकांना कोणीही वाचवायला धावलं नाही. काचेपलीकडे बहुतेक कोणीतरी बटणाकडे बोट दाखवलं असावं, कारण एक खट्ट आवाज झाला आणि काकांचं बोलणं बंद पडलं.

दार उघडून मलम आले तेव्हा त्यांचा चेहरा उकडलेला होता.

“सिस्टर, आपण जरा थांबू या. तांत्रिक अडचण—”

“खुर्च्या गोल मांडा,” बाई म्हणाल्या. “खोलीत जे घडलं ते सगळं चर्चेत येतं, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्हीही बसा. आज काकांच्या तोंडून तुम्हीच सगळ्यात जास्त बोललात.”

सगळे बसले. बाई सरळ मलम यांच्याकडे वळल्या आणि घोकलेली भाषा एकेक शब्द सुटा करत वापरली. “मी ऐकलं, की मला पास करायचं नाही हे आधीच ठरलेलं आहे. मला अपमान वाटला. तुमच्या मनात काय चाललं होतं?”

“माइक चालू आहे हे माझ्या लक्षात—”

“माइकचं मन नाही विचारलं. तुमचं विचारलं.”

नव्या डॉक्टरला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. मलम यांचा मऊपणा कुठेतरी गळून पडला.

“मनात होतं तेच तुम्ही ऐकलंत,” ते म्हणाले. “माइक बंद असता तर मी हेच गोड करून सांगितलं असतं. तुमच्यासमोर माणसं बोलत नाहीत, सिस्टर. आणि जिथे माणसं बोलत नाहीत तिथे पेशंट मरतात. आत्ता मेला ना एक?”

“रबरी मेला. माझ्या वॉर्डात एकही चूक झालेली नाही. विचारा.” इथे बाई भाषा विसरल्या. पुटपुटीकडे बोट करून म्हणाल्या, “तू सांग यांना. चार वर्षं आहेस. झाली का एक तरी चूक?”

पुटपुटी काहीतरी पुटपुटली.

“मोठ्यानं!”

“नाही झाली.”

“ऐकलंत?” बाईंनी मलम यांच्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

“नाही झाली,” पुटपुटी पुन्हा म्हणाली, आणि या वेळी आवाज कापत होता पण ऐकू येत होता, “कारण तुम्ही पुढच्या पलंगाकडे गेलात की आम्ही सगळं परत तपासतो. तुम्ही भरलेलं सगळं. सलाइनचा वेग, इंजेक्शनं, सगळं. तुम्हाला बाटलीवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, सिस्टर. वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे. मी आले तेव्हा मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. तुमच्यामागून जायचं, तपासायचं, चुकलेलं असलं तर गुपचूप टाकून नवीन भरायचं. तुम्हाला कळू द्यायचं नाही.”

बाई तिच्याकडे वळल्या.

“सापडायचं का काही?” बाईंनी विचारलं.

“कधी कधी.”

आयुष्यभर ज्या वाक्यावर पाय रोवून त्या उभ्या होत्या, ते वाक्य खालून दुसऱ्याच कोणीतरी धरून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग कशीबशी चर्चा पूर्ण केली. आज काय शिकलो ते प्रत्येकानं सांगायचं असतं. डॉक्टर म्हणाला, कागदात डोकं खुपसायचं नाही. पुटपुटी म्हणाली, मला अजून माहीत नाही.

सगळे गेल्यावर मलम दारात घुटमळले.

“इतकी वर्षं हे काम करतोय. या खोलीत असं कोणी बोललं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून ती बोलली. मी तुम्हाला पास करतोय. वर सांगितलेलं मागे घेतो.”

“तुमची लाज झाकायला.”

“थोडं त्यासाठीही,” मलम म्हणाले. वर्षभरात बाईंना त्यांचं आवडलेलं हे एकमेव वाक्य.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं भाजी वाढली. बाईंनी घास घेतला आणि थांबल्या.

“मीठ कसं आहे?”

नवऱ्यानं आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “तुला कसं वाटतंय?”

“मी तुम्हाला विचारतेय. बरोबर आहे?”

“बरोबर आहे.”

भाजीत मिठाचा कणही नव्हता. नवऱ्यानंच केली होती, विसरला होता, आणि त्याच्या पानातही तीच होती. तो खाली मान घालून खात राहिला. बाई त्या माणसाकडे बघत बसल्या. इतक्या वर्षांच्या संसारात तो किती वेळा ‘बरोबर आहे’ म्हणाला असेल, आणि त्यातलं खरं किती, हे आता कोणाला विचारणार? त्या चिडल्या. स्वतःवर की त्याच्यावर ते त्यांना ठरवता येईना, म्हणून सवयीनं त्याच्यावर चिडल्या. “तोंड नाही का तुम्हाला?” असं ओरडून त्या पानावरून उठल्या. ती रात्र त्यांनी उपाशी काढली.

नव्या जागेवर जायला अजून काही दिवस होते. तेवढे दिवस वॉर्डात बसून काढायचे, उभं राहायचं नाही, असं ठरलं होतं. बाईंना चैन पडेना. सगळं उघड झाल्यावर आता तरी ती मुलगी समोर बोलते की नाही, हा एकच किडा डोक्यात वळवळत होता. भरल्या खोलीत, मलम यांच्या आडोशानं बोलणं वेगळं. वॉर्डात, माझ्या तोंडावर बोल म्हणावं.

आणि इथे त्यांनी ती गोष्ट केली, जी फक्त केंद्रात शिकलेलं माणूसच करू शकतं. केंद्राचा एक नियम बाकी सगळ्या नियमांचा बाप होता. तिथल्या खोट्या औषधाची एकही बाटली खऱ्या वॉर्डात जाता कामा नये. बाटल्या खऱ्यासारख्याच दिसतात, आत नुसतं पाणी असतं. लेबलावर बारीक अक्षरांत ‘फक्त प्रशिक्षणासाठी’ एवढंच वेगळं. हा नियम बाईंना पाठ होता. त्यांनी तो दुसऱ्यांना शिकवलाही होता. तरी त्या केंद्रातून इन्शुलिनची एक खोटी बाटली पर्समध्ये टाकून घेऊन आल्या. आपण आहोत ना तिथे, लगेच उचलून घेऊ, असं त्यांनी मनाला सांगितलं. चुका करणारी सगळी माणसं मनाला हेच सांगतात, हेही त्यांना ठाऊक होतं.

सकाळच्या इंजेक्शनांची वेळ. खिडकीजवळच्या पलंगावरच्या आजींना चार युनिट इन्शुलिन द्यायचं होतं. बाईंनी खोट्या बाटलीतून सिरिंज चाळीसच्या खुणेपर्यंत भरली. इतकं खरं इन्शुलिन दिलं तर साखर घसरून माणूस दगावू शकतो. सिरिंज आणि बाटली ट्रेमध्ये ठेवून त्यांनी पुटपुटीला हाक मारली.

“आजींचं इन्शुलिन. चार युनिट भरलंय. बघ बरं.”

पुटपुटीनं सिरिंज उचलली. उजेडात धरली. मग तिनं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, अगदी नवऱ्यानं पाहिलं होतं तसं.

“बरोबर आहे, सिस्टर.”

आणि ट्रे घेऊन ती आतल्या बेसिनकडे गेली.

बाईंना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. कमरेतल्या कळेकडे दुर्लक्ष करून त्या उठल्या आणि तिच्यामागे गेल्या. पुटपुटीनं सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली होती. नवी सिरिंज फोडून ती ट्रेमधली बाटली उचलत होती. चेहऱ्यावर ना राग ना भीती, रोजचं काम. केंद्रात घोकलेलं बाईंना सगळं आठवत होतं. मी पाहिलं, मला वाटलं. पण तोंडातून निघालं ते जुनंच, आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

“चोरून काय चाललंय तिथे?”

पुटपुटीचा हात थबकला. बाटली तिच्या डोळ्यांसमोर होती. तिनं लेबल वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिचा चेहरा बदलला.

“हे केंद्रातलं आहे,” ती म्हणाली. “यात पाणी आहे.”

“मघाशी चाळीस होतं सिरिंजमध्ये. बोलली का नाहीस?”

“ही बाटली वॉर्डात कशी आली?”

“आधी मी विचारलंय त्याचं—”

“नाही! आधी मी विचारतेय!” पुटपुटी ओरडली. तिचा आवाज इतका मोठा असेल असं कोणाला वाटलं नव्हतं, तिला स्वतःलाही नसावं. टेबलापाशी बसलेल्या नर्सेस उभ्या राहिल्या. “ही फ्रीजमध्ये राहिली असती तर? संध्याकाळच्या पाळीतली कोणी यातून भरून आजींना देत राहिली असती तर? साखर वाढत गेली असती आणि कोणाला कळलं नसतं का वाढतेय. माझी परीक्षा घ्यायची होती ना तुम्हाला? मग मला बोलावून विचारायचं होतं. इथे माणसं आहेत पलंगावर, काका नाहीत.”

इतक्या वर्षांत त्यांना वॉर्डात कोणी असं झाडलं नव्हतं, आणि मुलीचा एकही शब्द खोडता येण्यासारखा नव्हता.

“ही मी मेट्रन बाईंकडे घेऊन जातेय,” पुटपुटी म्हणाली. ती आता रडत होती, पण थांबत नव्हती. “तुमची नवी जागा जाईल हे मला माहीत आहे. तरी घेऊन जातेय.”

“जा,” बाई म्हणाल्या. मायेनं वगैरे नव्हे. दात-ओठ खाऊन म्हणाल्या. त्या क्षणी ती मुलगी त्यांना डोळ्यांसमोर नको होती.

जागा गेली. मलम यांनी बोलावून घेतलं, खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. बाईंनी पाण्याला हात लावला नाही.

“मी तुमच्यासाठी शब्द टाकला होता, सिस्टर,” ते म्हणाले. “तुमच्या मनात काय चाललं होतं?”

“ती माझ्यासमोर बोलते का, ते बघायचं होतं.”

“मग?”

“बोलली की. माझी जागा घेऊन गेली इतकं बोलली.” बाई उठल्या. “आता तिला फेलोशिपला घ्या. आणि माइक बंद ठेवत जा. ती मुलगी आता तुमचंही ऐकून घेणार नाही.”

तळघरातल्या भांडारात लाकडी फळ्यांवर चादरींच्या चळती, एक ट्यूबलाइट, एक उंच स्टूल. बाई त्या स्टुलावर बसून घुसमटत होत्या आणि तिथेही लोक दबकूनच येत होते. दिलं ते घ्यायचे, मान डोलवायचे, सटकायचे. काही दिवसांनी पुटपुटी आली, अतिदक्षता विभागाच्या चादरी न्यायला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दोघींपैकी कोणी विसरलेलं नव्हतं. बाईंनी चळत पुढे सरकवली. पुटपुटीनं एकेक चादर उलगडली, त्यांच्या डोळ्यांदेखत, अजिबात घाई न करता, आणि एक बाजूला काढली.

“ही फाटकी आहे. बदलून द्या.”

संतापानं बाईंचे कान तापले. फाटकी चादर मी देईन? त्यांनी ती हिसकावून घेतली, ट्यूबलाइटकडे धरली, चष्मा वर-खाली करून पाहिली. कडेला बोटभर उसवलेली होती. त्यांनी फळीवरची दुसरी काढली, स्वतः उलगडून पाहिली, आणि पुटपुटीच्या हातात दिली.

“ही बघ,” त्या म्हणाल्या.

पुटपुटीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं चादर पाहिली.

“हिच्यावर डाग आहे,” ती म्हणाली.

बाईंनी तिसरी काढली.